उलट्या हाताची दुआ

शार्शेन आगायच्या तोंडून 'शाबास' हा शब्द बाहेर पडलेला आमच्या कोचकोर गावात कुणी ऐकला नव्हता. आगाय म्हणजे मास्तर, पण शार्शेनला शाळामास्तरांच्या पंगतीत कुणी बसवत नसे. तो कुस्तीचा आगाय. क्रीडाशाळेच्या लांबट हॉलमध्ये कोळशाच्या शेगडीला पाठ लावून तो उभा राहायचा आणि मॅटवरच्या पोरांना एकेक शेलका शब्द फेकून मारायचा. एखाद्याने झकास ढाक मारून समोरच्याला पाठीवर आदळलं, तर हा म्हणायचा, "तो पडला. तू काय केलंस त्यात?" आणि पोरगा खरोखर विचारात पडायचा की आपण काय केलं.

कौतुकाने पैलवान सडतो, असं त्याचं ठाम मत होतं. प्रत्येक पोराच्या पोटात कुठेतरी एक राग दडलेला असतो, तो हुडकून काढायचा आणि त्यावर फुंकर घालत राहायची, ही त्याची सगळी विद्या. कुणाचा बाप दारू पिऊन गावभर हिंडत असे, कुणाला धाकट्या भावाने उंचीत मागे टाकलेलं असे. शार्शेन नेमका तिथेच बोट ठेवायचा. पोरं कळवळायची, त्याला मनातल्या मनात शिव्या घालायची आणि जिंकायची. त्याच्या हाताखालून गेलेले पैलवान आज पोलिसात आहेत, सैन्यात आहेत, दोघे-तिघे स्वतः आगाय झाले आहेत. गावात भेटले की अजूनही त्याच्यासमोर सिगारेट लपवतात, पण कुणी त्याच्या घरी सहज चहाला म्हणून येत नाही.

आयझिरेक त्याच्याकडे आली तेव्हा कोचकोरात मुली कुस्ती खेळत नव्हत्या. मेंढपाळाची पोर. थोरल्या भावांना बापाने घोडे दिले, हिच्या हाती परात. ती एक दिवस हॉलच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला शिकवा." पोरं फिदीफिदी हसली. शार्शेनने तिला सगळ्यांत दांडग्या पोरासमोर उभं केलं. ती पडली, उठली, पडली, उठली. शेवटी शार्शेन म्हणाला, "घरी जा. कणीक मळ." तिचे कान लालभडक झाले, आणि पुढच्या खेपेला तिने त्या दांडगटाचा पट काढला, म्हणजे वाकून त्याचे पाय ओढले, आणि त्याला खाली आणलं. राग सापडला होता. त्या दिवसापासून आयझिरेक कुठे कमी पडली की शार्शेन तेवढंच म्हणायचा, "कणीक मळ." दुसरं काही सांगायची गरजच नसे. तिचं बघून हळूहळू आणखी मुलीही येऊ लागल्या.

लोकांनी कमी का बोलावं? या पोरीला सून म्हणून कोण घेईल, आगायला म्हातारपणी चळ लागलाय, असं बरंच काही. शार्शेनने सगळं ऐकून घेतलं. त्याला स्वतःचं मूल नव्हतं, आणि ही गोष्ट तो कधी बोलून दाखवत नसे. पण आयझिरेक जिंकून आली की त्या दिवशी तो जेवताना दोनदा वाढून घ्यायचा. ते फक्त त्याच्या बायकोला, बुरमाकानला, माहीत होतं.

मग जिपार आली.

जिपार तिशीची, स्वतः देशासाठी खेळलेली, गुडघा गेला म्हणून मॅटवरून उतरलेली. शाळेच्या संचालकांनी तिला मुलींसाठी नेमलं आणि शेजारचा छोटा हॉल दिला. मोठ्या मुलींना कुणाकडे शिकायचं ते त्यांनीच ठरवावं, असंही सांगितलं. अंगणात सगळे उभे असताना आयझिरेकला विचारण्यात आलं. तिने खाली बघितलं, बुटाच्या टोकाने माती उकरली आणि म्हणाली, "मी जिपारएजेकडे जाते, आगाय." एजे म्हणजे ताई. म्हणजे हा आगायचा आगायच राहिला आणि ती पहिल्याच दिवशी ताई झाली.

"जा," शार्शेन म्हणाला. "तिकडे कणीक मऊ मळतात."

पोरं हसली. आयझिरेक हसली नाही. शार्शेन शेगडीपाशी परत जाऊन उभा राहिला आणि त्या दिवशी त्याने एका पोराला असं काही तासलं, की बिचारा रडत घरी गेला.

हेवा काही एकदम येत नाही. आधी तो कुतूहलाचा सदरा घालून येतो. छोट्या हॉलच्या खिडकीला आतून पांढरा रंग फासलेला होता, त्याचा एक कोपरा खरवडला गेला होता. शार्शेनला अचानक त्या भिंतीवरच्या धुराड्याची काळजी वाटू लागली. रोज तो धुराडं तपासायला जायचा आणि त्या कोपऱ्याला डोळा लावायचा. आत गाणी लागलेली असत. मुली हसत हसत अंग गरम करत. एखादी पडली की जिपार टाळी वाजवून म्हणे, "छान पडलीस, मान वाचवलीस!" पडण्याचंसुद्धा कौतुक. आणि सराव संपला की सगळ्यांना गोल बसवून एकेकीला विचारी, "आज तुला तुझं स्वतःचं काय आवडलं?"

शार्शेन तणतणत घरी गेला. "कुस्ती आहे की पाहुणचार?" तो बुरमाकानला म्हणाला. "पडलेल्या पोरीला विचारते, तुला तुझं काय आवडलं! उद्या हरलेल्याला दुसरा चहा विचारेल."

बुरमाकान मळलेल्या पिठाचे तुकडे तेलात सोडत होती. "तुम्ही मला कधी विचारलंत का, आज तुझं काय आवडलं?"

"तुझं काय विचारायचंय त्यात?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि झारा कढईवर आपटला.

पण त्या प्रश्नाने त्याला पोखरलं. रात्रंदिवस एकच विचार, हिच्याकडे असं काय आहे? एके दिवशी त्याने ठरवलं, बघू तर खरं. एर्मेक नावाचा एक गुणी पोरगा होता. त्याने बरी पकड घातली तशी शार्शेन घसा खाकरून म्हणाला, "शाबास." एर्मेकचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई सायीची बरणी घेऊन शार्शेनच्या दारात.

"आगाय, पोराचं काय चुकलं असेल तर पदरात घ्या. त्याला काढून टाकू नका."

"कोण काढतंय?"

"शाबास म्हणालात म्हणे त्याला."

बुरमाकान आतल्या खोलीत जाऊन पोट धरून हसली. शार्शेनने बरणी ठेवून घेतली आणि त्या शब्दाचा नाद कायमचा सोडला. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. पण जळत मात्र होतं.

नारीनला प्रांताच्या कुस्त्या झाल्या आणि आयझिरेक पहिली आली. बातमी तिच्या आधी गावात पोचली. शार्शेन बाजारात भाकरी घ्यायला गेला, तर भाकरीवाली म्हणाली, "ऐकलंत ना आगाय? जिपारच्या पोरीने नाव काढलं गावाचं."

"कोणाच्या?"

"जिपारच्या. ती नाही का, पूर्वी तुमच्याकडे यायची ती."

'पूर्वी तुमच्याकडे यायची ती.' शार्शेनच्या अंगाचा तिळपापड झाला. पहिल्या दिवशी तिला मॅटवर उभं कुणी केलं? गावाची बोलणी कुणी खाल्ली? तिचा पट कुणाच्या शिव्यांनी धारदार झाला? विहीर खणली त्याने, आणि पाण्याला नाव त्या लंगड्या बाईचं. तो भाकरी न घेताच घरी आला. त्यानंतर तो बाजाराला वळसा घालून जाऊ लागला, आणि हळूहळू त्याच्या मनात एक इच्छा येऊन बसली. आयझिरेकने एकदा हरावं. फार नाही, एकदाच. मोठ्या कुस्तीत, सगळ्यांसमोर, जिपारच्या डोळ्यांदेखत. मग कळेल म्हणावं, टाळ्या वाजवून पैलवान होतात का ते. देवाकडे हे मागण्याइतका तो निर्लज्ज झाला नव्हता. पण इच्छा होती, आणि तिची त्याला लाज वाटत नव्हती.

बिश्केकला राष्ट्रीय कुस्त्या ठरल्या. जिंकेल तिला देशाच्या संघात जागा. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आयझिरेक आणि तिची आई शार्शेनकडे दुआ घ्यायला आल्या. आमच्याकडे वडीलधाऱ्याची दुआ घेतल्यावाचून कुणी मोठ्या कामाला निघत नाही, आणि पैलवान तर पहिल्या आगायची दुआ घेतल्यावाचून मॅटवर पाऊल ठेवत नाही. शार्शेनला वाटलं होतं, ही येणार नाही. मग वाटलं, येईल, यायलाच पाहिजे. ती आली तेव्हा तो खिडकीत होता, आणि त्याने फाटकाकडे बघितलं.

फाटकाशी जिपार होती. तिने आयझिरेकच्या कॉलरवरचा धागा काढला, कानात काहीतरी पुटपुटली, आणि आयझिरेक तिच्या खांद्यावर डोकं टेकवून हसली. खळखळून, लहान पोरीसारखी. एवढ्या वर्षांत तिचे दात शार्शेनला फक्त आवळलेले माहीत होते. मग जिपारने तिला हलकेच पुढे ढकललं, जा म्हणून, आणि स्वतः बाहेरच थांबली. म्हणजे पोर आपणहून आलेली नाही, हिने पाठवली आहे. आपल्या वाट्याचा मान आता या बाईच्या हातून भीक म्हणून मिळायचा.

आत येईपर्यंत आयझिरेकचा चेहरा गोठला होता. ती गुडघ्यांवर बसली, पाठ ताठ, नजर जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर. तिच्या आईने कणकेचे तळलेले बोरसोक आणले होते. चहा झाला. बुरमाकानने इकडचं तिकडचं विचारलं.

"आगाय," आयझिरेक म्हणाली, "दुआ द्या."

दुआ देताना तळवे आभाळाकडे असतात. हाताची पाठ वर करून दिलेली ती उलटी दुआ, म्हणजे शाप. आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरानेही खेळता खेळता हात तसे धरले, तर आजी फटका मारून सरळ करते. आता शार्शेनचं उजवं मनगट तरुणपणी ओशच्या एका कुस्तीत मोडलेलं होतं आणि वेडंवाकडं जुळलेलं होतं. तळवा वर करायचा तर तो डाव्या हाताने उजवं मनगट धरून वळवायचा, आणि मग दोन्ही हात पुढे पसरायचा. लग्नात, बारशाला, जेवणानंतर, तीस-पस्तीस वर्षं तो हे करत आला होता. करताना त्याचं त्याला कळतही नसे.

त्या दुपारी त्याने हात पुढे केले. डावा तळवा वर होता. उजवा हात पालथा होता, आणि त्याने तो वळवला नाही.

किती वेळ? एक श्वासभर. त्याला कळत होतं. डावा हात मोकळा होता, उजव्या मनगटापासून वीतभर अंतरावर. त्याने स्वतःला म्हटलं, मनगट दुखतंय. मग तो ठरलेले शब्द बोलला, वाट सुखाची होवो, पाठ मातीला न लागो, आमीन. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. आयझिरेकचे हात चेहऱ्यावर जरा जास्त वेळ राहिले. तिच्या आईने घाईघाईने शाल सावरली. "मनगट दुखतं हो त्यांचं," बुरमाकान म्हणाली, पण ते जरा उशिरा म्हणाली.

त्या गेल्यावर बुरमाकान भांडी आवरायची थांबली. "हात का नाही वळवलात?"

"दुखत होता."

"मी लग्न करून आले तेव्हापासून दुखतोय तो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बुरमाकानने उरलेले बोरसोक फडक्यात बांधले आणि त्याच्या ताटात दुसऱ्या दिवशी एकही वाढला नाही.

मुली बिश्केकला गेल्या आणि तिथल्या हॉलमध्ये सराव सुरू झाला. शार्शेनने इकडे पोरांना तासणं चालू ठेवलं, पण त्याचे शब्द बोथट झाले होते. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी पोरं घरी गेल्यावर तो शेगडीतली राख काढत होता, तेव्हा दार उघडून जिपार आत आली. तिच्या बुटांना प्रवासाची धूळ होती. ती बिश्केकहून थेट आली होती.

"आगाय, तुम्हाला यावं लागेल."

"मी कशाला? टाळ्या वाजवायला तू आहेस की."

जिपारने ते गिळलं. "ती जेवत नाही. कालच्या सरावात एका नवख्या पोरीने तिला दोनदा पाठीवर टाकलं. पट काढायला जाते आणि मध्येच थांबते. म्हणते, आगायने मला उलटी दुआ दिली."

शार्शेनने राखेची बादली खाली ठेवली. हेच तर त्याला हवं होतं. आयझिरेक पडत होती, जिपारच्या डोळ्यांदेखत. त्याने आपल्या मनात शोधलं, आनंद कुठे आहे म्हणून. तो नव्हता.

"मनगटाचं सांग तिला," तो म्हणाला.

"सांगितलं. म्हणाली, आगाय आयुष्यात कधी एक पकड विसरलेले नाहीत, मनगट विसरतील?" जिपार शेगडीजवळच्या बाकावर बसली आणि दुखरा गुडघा चोळू लागली. "तुम्ही स्वतः सांगितलंत तर विश्वास ठेवेल. एवढं खोटं बोला तिच्यासाठी."

"खोटं कशावरून?"

"आगाय, मी फाटकात उभी होते. तुम्ही खिडकीतून माझ्याकडे कसं बघत होतात, ते मला दिसलं." मग ती जराशी हसली, पण ते हसू कडवट होतं. "तुम्हाला वाटतं मीच काय ती सुखात आहे. मी तिला रोज दहा वेळा छान म्हणते. ती ऐकते, हसते, आणि विसरते. नारीनला जिंकल्यावर मी तिला मिठीत घेतलं, तर पहिला प्रश्न काय, 'आगाय असते तर काय म्हणाले असते?' तुम्ही शिव्या दिल्यात आणि तिच्या हाडात जाऊन बसलात. मी एवढं प्रेम करते, मला तिथे जागाच नाही. मला तुमचा किती राग येतो, तुम्हाला कल्पना नाही."

शार्शेनने भिंतीवरचा कोट काढला. "गाडी कधी आहे?" त्याने विचारलं.

बिश्केकच्या वाटेवर बूम घाटातला वारा गाडीला हलवत होता. दोघं शेजारी बसून गेली. शार्शेन मनात ते खोटं घोळवत होता. मनगट दुखत होतं, पोरी, वेडी आहेस का. सोपं होतं. तिला हवं होतं, जिपारला हवं होतं, आणि त्याच्या अब्रूलाही तेच बरं होतं.

कुस्त्यांच्या सकाळी आयझिरेक हॉलमागच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली होती. बाकीच्या मुली उड्या मारत होत्या. तिचे गाल खप्पड झाले होते. शार्शेनला बघून ती उठली आणि नेहमीसारखी ताठ उभी राहिली. जिपार दाराशी थांबली.

"आगाय, तुम्ही आलात."

"आलो." तोंडात खोटं तयार होतं. तिने त्याच्या उजव्या हाताकडे बघितलं, आणि तेवढ्यानेच त्याला ते बोलवेना. पैलवानाला खोटा डाव त्याने कधी शिकवला नव्हता. "मनगट दुखत नव्हतं," तो म्हणाला. "वळलं असतं. मी वळवलं नाही."

दाराशी जिपारने डोळे मिटून घेतले.

"मला हेवा वाटला," शार्शेन म्हणाला. हा शब्द काढायला त्याला 'शाबास'पेक्षाही जड गेलं. "हिचा. तू हिची झालीस. गावात तुला हिची पोर म्हणतात. मी जळतो. झोप लागत नाही मला. बाजारात जात नाही मी. तू हरावीस असं वाटलं मला, ऐकलंस? असा मी आगाय आहे."

तो थांबला. आता ही रडेल, नाहीतर थुंकेल, असं त्याला वाटलं. आयझिरेकने कपाळाला आठी घातली, एखादा अवघड डाव समजून घ्यावा तशी.

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "तुम्हाला झोप लागत नाही, ती माझ्यासाठी?"

"मग काय एर्मेकसाठी?"

"पण मी तर कणीक मळायच्या लायकीची."

"कोण म्हणालं?"

"तुम्ही. रोज."

शार्शेन वैतागला. "अगं, कणीक मळायच्या लायकीची असतीस तर मी धुराडं बघायला रोज उन्हातान्हात गेलो असतो का? तुझ्यासारखा पट माझ्या हाताखाली आजवर कुणी काढला नाही. पोरांनीसुद्धा नाही. मीसुद्धा नाही, आता झालं समाधान? दुसऱ्या कुणाचा का नाही हेवा वाटला मला? सगळ्या मुली गेल्याच की हिच्याकडे."

आयझिरेकचे कान लाल झाले. पण दात आवळलेले नव्हते. चेहऱ्यावर काहीतरी उजळत गेलं, आणि ते बघून दाराशी उभ्या जिपारने मान दुसरीकडे फिरवली. तिच्या वर्षभराच्या टाळ्यांनी जे उजळलं नव्हतं, ते या खडूस म्हाताऱ्याच्या चार वैतागलेल्या वाक्यांनी उजळलं होतं. जिपार काही देवमाणूस नव्हती. तिलाही झोंबलं.

शार्शेनने डावा हात उजव्या मनगटाकडे नेला. "ये. आता नीट देतो."

"नको," आयझिरेक म्हणाली.

"काय नको?"

"दुआ. तुम्ही अजून जळताय, दिसतंय मला. मन साफ झालं की द्या, मी थांबेन." आणि मग, जिपारएजेबरोबर बोलायची त्या आवाजात, थोडीशी चिडवत, ती म्हणाली, "आज मला तुमचा हेवाच पुरे आहे, आगाय."

बाहेर तिचं नाव पुकारलं. ती पळत गेली.

शार्शेन वर प्रेक्षकांत जाऊन बसला, अनोळखी लोकांमध्ये. पहिली कुस्ती तिने सहज मारली. दुसरीत ती मागे पडली आणि शेवटी गुण काढून जिंकली. दुपारनंतर शेवटची कुस्ती लागली, तलासच्या एका मजबूत पोरीशी. त्या पोरीने सुरुवातीलाच तिला मॅटच्या कडेला नेऊन ढकललं. शार्शेनने कोटाची बाही दातांत धरली. मग आयझिरेक खाली बसली. पट काढायला गेली, आणि या खेपेला मध्ये थांबली नाही. तलासची पोर हवेत उठली आणि पाठीवर आली. पंचाने मॅटवर हात आपटला.

शार्शेन उभा राहिला. शेजारच्या माणसाला सांगायला त्याने तोंड उघडलं, की ही माझी. तेवढ्यात आयझिरेक मॅटवरून उतरून धावत सुटली आणि थेट जिपारच्या गळ्यात पडली. जिपारने दुखऱ्या गुडघ्यावर तिला उचलून धरलं. दोघी हसत होत्या, रडत होत्या, आणि वर प्रेक्षकांत कुणी उभं आहे हे त्या पोरीच्या गावीही नव्हतं. शार्शेन पुन्हा जळला, तसाच, जराही कमी नाही. आयुष्यात त्याने त्या पोरीच्या डोक्यावर साधा हातही ठेवला नव्हता. आता ठेवायचा म्हटला तरी तो कसा ठेवतात, हे त्याला कुठे येत होतं?

मन साफ झालं की द्या, असं ती म्हणाली होती. शार्शेनने खाली त्या दोघींकडे बघितलं आणि त्याला स्पष्ट कळलं, की हे मन काही साफ व्हायचं नाही. त्याची वाट बघत बसलो तर पोरगी म्हातारी होईल आणि दुआ राहून जाईल. मग त्या गर्दीत, कुणाचं लक्ष नसताना, त्याने आपलं उजवं मनगट धरून वळवलं, दोन्ही तळवे वर केले, आणि जळत होता तसाच, जळता जळता, तिला दुआ दिली.